पोर्ट वाइन, तिचे बंदर आणि ब्रँडीची अर्धी गोष्ट

प्रश्न असा आला आहे: ‘गोव्याहून येताना पोर्ट वाइन आणली होती. जेवताना एक जण म्हणाला, पूर्वी जहाजाच्या लांबच्या प्रवासात वाइन बिघडायची, म्हणून तीत ब्रँडी मिसळू लागले, आणि बंदरातून निघते म्हणून तिला पोर्ट म्हणू लागले. दुसऱ्याचे म्हणणे, जहाजाच्या डाव्या बाजूला पोर्ट म्हणतात त्यावरून नाव पडले. यातले खरे काय? आणि गोव्याची पोर्ट हीच ती का?’

नाव पोर्तुगालमधल्या पोर्तो या बंदराच्या शहरावरून आले आहे. जहाजाच्या डाव्या बाजूचा वाइनशी काही संबंध नाही. डाव्या बाजूसाठीचा तो शब्द ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये हुकूम काढून पक्का केला, आणि तोवर पोर्ट वाइन इंग्लंडात दीडशे वर्षांहून जास्त काळ विकली जात होती. ब्रँडीची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी नीट समजून घ्यायला हवी, कारण पोर्टची चव तिथेच ठरते. मी नाशिकला वाइन बनवण्याच्या कामात उमेदीची वर्षे घालवली आहेत आणि पोर्टवर माझा जीव आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पोर्टची द्राक्षे पोर्तोत पिकतच नाहीत. उद्या नाशिकची द्राक्षे मुंबईच्या बंदरातून जातात म्हणून परदेशी लोक त्यांना ‘मुंबई’ म्हणू लागले, तर जे होईल तेच इथे झाले आहे. दोरू नदी स्पेनमध्ये उगम पावते (तिकडे तिला दुएरो म्हणतात), सुमारे ९०० किलोमीटर वाहते आणि पोर्तोपाशी अटलांटिकला मिळते. मळे मुखापासून नदीने शंभरेक किलोमीटर आत सुरू होतात आणि स्पेनच्या सरहद्दीपर्यंत जातात. मधल्या डोंगररांगा समुद्रावरचे पावसाळी ढग अडवतात, त्यामुळे आतला मुलूख कोरडा आणि उन्हाळ्यात भाजून काढणारा. पारा चाळीस अंशांवर सहज जातो. जमीन म्हणजे पाटीच्या दगडासारखा पापुद्रे सुटणारा खडक. माणसांनी पहारींनी तो फोडला, त्याच दगडांचे गडगे रचले आणि डोंगरउतारावर एकेका वेलाच्या रांगेपुरते टप्पे तयार केले. वेलीची मुळे खडकाच्या फटींतून खोलवर उतरतात. युनेस्कोने २००१ मध्ये या खोऱ्याला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा त्यात या गडग्यांचा वाटा मोठा होता.

असल्या मुलखातून माल समुद्रापर्यंत न्यायचा कसा? रस्ते नव्हतेच म्हणा. होती ती नदी, आणि ती नदी आजच्यासारखी संथ नव्हती. खडक, घळी, पाण्याचे वेगाने कोसळणारे टप्पे. त्यासाठी तिथल्या लोकांनी ‘राबेलो’ नावाची होडी घडवली: तळ सपाट, खाली कणा नाही, एक मोठे चौकोनी शीड आणि मागे सुकाणूऐवजी होडीच्याच लांबीशी स्पर्धा करणारे प्रचंड वल्हे. ते वल्हे मारणारा माणूस उंच माचावर उभा राही, कारण पुढे रचलेल्या पिंपांच्या वरून त्याला पाणी दिसायला हवे. सप्टेंबर-ऑक्टोबरात बनलेली वाइन हिवाळाभर मळ्यातच विसावायची आणि वसंतात होडीने खाली यायची. परतीला शिडात वारा मिळाला तर ठीक, नाहीतर काठावरून बैलांनी दोर ओढत होडी वर न्यायची. काशांव द व्हालेरा नावाच्या घळीत एका प्रचंड शिळेने नदीची वाट जवळपास बंदच केली होती. ती फोडायचे काम १७८० मध्ये सुरू झाले आणि त्याला बारा वर्षे लागली. त्यानंतर कुठे वरचे खोरे द्राक्षांसाठी खुले झाले. आज ज्या मळ्यांच्या वाइन सर्वांत महाग विकल्या जातात, त्यातले कितीतरी या घळीच्या पलीकडे आहेत.

आगगाडी १८८७ मध्ये सरहद्दीपर्यंत पोचली आणि होड्यांचे दिवस भरत आले. पुढे नदीवर धरणे झाली. १९६० च्या दशकात माल वाहणारी शेवटची राबेलो थांबली. आता त्या होड्या गायाच्या धक्क्याला कंपन्यांच्या पाट्या मिरवत उभ्या असतात आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाला, त्यांची शर्यत लागते.

गाया म्हणजे व्हिला नोव्हा द गाया, पोर्तोच्या समोरचा, नदीच्या दक्षिण काठावरचा गाव. पोर्टच्या वखारी खऱ्या म्हणजे तिथे आहेत, पोर्तोत नाहीत. समुद्राचा पोर्टवर झालेला सगळ्यांत मोठा परिणाम मला विचाराल, तर तो जहाजांपेक्षा या वखारींतच दिसतो. वरच्या खोऱ्याच्या उष्णतेत पिंपातली वाइन लवकर म्हातारी होते, तिला भाजल्यासारखा वास येतो. गायाला अटलांटिकचा गार, दमट वारा मिळतो. उतार उत्तरेकडे, ऊन कमी. इथे तीच वाइन वीस-तीस-चाळीस वर्षे संथपणे पिकते. दरवर्षी पिंपातला दोनेक टक्के भाग हवेत उडून जातो, उरलेला घट्ट होत जातो. १९२६ पासून कायदाच होता की पोर्ट गायाच्या वखारीतूनच परदेशी जाईल. तो १९८६ मध्ये सैल झाला, आणि मळेवाल्यांना थेट आपल्या नावाने निर्यात करता येऊ लागली.

पोर्तोचे बंदर मात्र जहाजांसाठी सोपे नव्हते. दोरूच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. कोकणातल्या खाड्यांवर गलबते नेणाऱ्यांना तो प्रकार नवा नाही: भरती, वारा आणि वाटाड्या, तिन्ही जुळल्याशिवाय आत शिरायचे नाही. पोर्तोच्या मुखाशी किती जहाजे फुटली याची मोजदाद अवघड. शेवटी १८८४ पासून जवळच लेशोइंश येथे नवे कृत्रिम बंदर बांधायला घेतले. म्हणजे ज्या बंदराचे नाव वाइनला मिळाले, ते बंदर मोठ्या जहाजांना कायम त्रासाचेच होते.

मग इंग्रज इतक्या अडचणीतून इथली वाइन का नेत होते? भांडणामुळे. इंग्लंडला आवडायची फ्रान्सच्या बोर्दोची वाइन. पण सतराव्या शतकात दोन्ही देशांचे व्यापारी वैर पेटले, आणि १६७८ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने फ्रेंच मालाची आयातच बंद केली. व्यापारी पोर्तुगालकडे वळले. ते तिथे आधीपासून होतेच. उत्तरेच्या व्हियाना दु कास्तेलो बंदरात इंग्रज कापड आणि खारा मासा द्यायचे आणि फळे, पातळ लाल वाइन घ्यायचे. पण ती पातळ, आंबट वाइन इंग्लिश गिऱ्हाइकाला भावेना. दाट, गडद वाइनच्या शोधात हे लोक दोरूच्या आत शिरले, आणि त्या मालाला समुद्राची वाट एकच: पोर्तो. ‘व्हिन्हो दु पोर्तो’, म्हणजे पोर्तोची वाइन, हे नाव १६७८ च्या सुमाराच्या निर्यातीच्या नोंदींत दिसू लागते. जकातीच्या नाक्यावर मालाला लागलेले नाव पुढे जगभर चिकटले.

१७०३ च्या डिसेंबरात मेथुएन तह झाला. इंग्लिश लोकरी कापडाला पोर्तुगालची दारे खुली, आणि पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात. एवढी सवलत मिळाल्यावर काय हवे! पोर्तोत इंग्रजांची वस्ती वाढली. त्यांच्या संघाचे दगडी घर १७९० मध्ये पुरे झाले आणि अजून उभे आहे. इतिहासाच्या पुस्तकात आपण सुरत, राजापूरच्या इंग्रजांच्या वखारींबद्दल वाचतो. पोर्तोतल्या त्या घराला इंग्रजीत जे नाव आहे (फॅक्टरी हाउस), त्यात वखारीसाठीचा तोच शब्द आहे. फरक इतकाच की पोर्तोत कंपनी सरकार नव्हते, स्वतंत्र व्यापाऱ्यांची पेढी-मंडळी होती. सगळे इंग्रजच होते असेही नाही. आजही चालू असलेल्या पोर्टच्या पेढ्यांत सर्वांत जुनी मानली जाणारी कोप्के ही पेढी १६३८ मध्ये एका जर्मन माणसाने काढली.

मागणी फुगली की भेसळ येते. १७३०-५० च्या काळात पोर्टमध्ये एल्डरबेरीच्या काळ्या फळांचा रस रंगासाठी, साखर गोडीसाठी, मिरी-दालचिनी तिखटपणासाठी असे काय काय मिसळले जाऊ लागले. इंग्लंडात बोभाटा झाला, भाव कोसळले, शेतकरी बुडाले. तेव्हा पोर्तुगालचा कारभार पोंबालच्या हाती होता, १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभे करणारा तोच कठोर मंत्री. त्याने १० सप्टेंबर १७५६ रोजी सरकारी कंपनी स्थापली, दोरूच्या मळ्यांची हद्द आखली आणि ती दाखवायला तीनशेहून अधिक ग्रॅनाइटचे खांब रोवले. काही खांब अजून शेतांत उभे दिसतात. एल्डरबेरीची झाडे उपटून टाकायचा हुकूम निघाला. वाइनसाठी हद्द आखून सरकारने देखरेख करायची, ही जगातल्या सर्वांत जुन्या व्यवस्थांपैकी एक. पण तिची किंमतही लोकांनी मोजली. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ च्या फेब्रुवारीत पोर्तोत दंगल झाली, तेव्हा पोंबालने कित्येकांना फासावर चढवले. वाइनचे कौतुक करताना हा भाग गाळला जातो, तो गाळू नये.

आता ब्रँडी.

जहाजासाठी ब्रँडी घालत, हे खरे आहे. पिंपे जहाजात चढवण्यापूर्वी थोडी ब्रँडी घालायची पद्धत होती, म्हणजे वाटेत वाइन पुन्हा आंबू नये, आंबट होऊ नये. पण पोर्तो ते इंग्लंड हा प्रवास किती? वारा बरा असेल तर आठवडा-दोन आठवडे. बोर्दोची वाइन शतकानुशतके तशाच लाकडी जहाजांतून, ब्रँडीशिवाय, इंग्लंडला पोचत होती. म्हणून केवळ प्रवासासाठी ब्रँडी, हे कारण मला कधीच पुरेसे वाटले नाही. आणि त्यापेक्षा महत्त्वाचे असे: आंबून तयार झालेल्या, कोरड्या वाइनमध्ये तुम्ही ब्रँडी घातली, तर ती फक्त कडक होते, गोड होत नाही. आजची पोर्ट गोड आहे. ती गोडी ब्रँडी केव्हा घातली यातून येते.

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल करते. पोर्टसाठी ही क्रिया अर्ध्यावर तोडतात. दोन-तीन दिवसांत रसात अल्कोहोल सहा-सात टक्क्यांवर येते, जवळपास अर्धी साखर शिल्लक असते, त्याच वेळी रस सालींवरून काढून द्राक्षाच्याच ७७ टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये सोडतात. आपण हिला ब्रँडी म्हणतो, पण ती पिंपात मुरलेली ब्रँडी नव्हे. पारदर्शक, जवळपास वासरहित स्पिरिट असते. एका ५५० लिटरच्या पिंपाचा हिशेब साधारण असा: ४३५ लिटर रस आणि ११५ लिटर स्पिरिट. रसातून २६ लिटर शुद्ध अल्कोहोल, स्पिरिटमधून सुमारे ८८, मिळून ११४. म्हणजे पिंपात वीस-एकवीस टक्के. एवढ्या अल्कोहोलमध्ये यीस्ट जगत नाही. साखर जिथे होती तिथे थांबते, लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास.

यात करणाऱ्याची खरी कसोटी वेगळीच आहे. साधी लाल वाइन सालींसोबत आठवडा, पंधरवडा राहते आणि सावकाश रंग घेते. पोर्टला दोन दिवस मिळतात. तेवढ्यात सगळा रंग आणि तुरटपणा काढायचा. म्हणून ग्रॅनाइटच्या उथळ हौदांत माणसे खांद्याला खांदा लावून तासन्‌तास द्राक्षे तुडवतात. माणसाचा तळवा साल पूर्ण पिळतो पण बी फोडत नाही, आणि बी फुटली की कडवटपणा उतरतो. आता रबरी पाय बसवलेली यंत्रे आली आहेत आणि ती चांगली आहेत. तरी काही मळे आपल्या उत्तम द्राक्षांसाठी अजून माणसेच लावतात. तोरिगा नासिओनालसारख्या लहान मण्याच्या, जाड सालीच्या जातीवर केलेली ती मेहनत पेल्यात कळते.

अर्ध्यावर तोडायची ही रीत कुणी काढली? लामेगु गावच्या मठातल्या धर्मगुरूंनी १६७८ मध्ये दोन इंग्रज व्यापाऱ्यांना अशी गोड वाइन चाखवली, ही कथा सगळीकडे सांगतात. कथा म्हणून ऐकावी. रीत हळूहळू पसरली, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे, आणि एकमताने तर मुळीच नाही. १८२० चे साल असे उन्हाचे गेले की वाइन नैसर्गिकरीत्याच दाट आणि गोड झाली, बाजाराने ती डोक्यावर घेतली आणि मग पुढच्या वर्षांत तीच चव आणायला स्पिरिटचा हात सैल सुटला. त्याविरुद्ध उभा राहिला जोसेफ जेम्स फॉरेस्टर हा इंग्रज व्यापारी. दोरूचा पहिला उत्तम नकाशा त्यानेच काढला. १८४४ मध्ये पुस्तिका काढून त्याने म्हटले की स्पिरिट आणि रंग घालून चांगल्या वाइनचा घात चालला आहे. तो हरला. शतकाच्या मध्यापर्यंत गोड, कडक पोर्ट हीच पोर्ट ठरली. आणि १८६१ मध्ये त्याच काशांव द व्हालेराच्या घळीत त्याची होडी उलटून तो बुडाला. कमरेच्या पैशाच्या पट्ट्याने त्याला खाली खेचले असे म्हणतात. त्या होडीत पोर्टच्या धंद्यातली थोर बाई दोना अंतोनिया फेरेरा ही पण होती. घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवले आणि ती वाचली, असे सांगतात.

फॉरेस्टर हरला हे बरे झाले असे मी म्हणेन, पण त्याच्या बाजूचे खरेपण आज दिसते: त्याच खोऱ्यात, त्याच द्राक्षांच्या, स्पिरिट न घातलेल्या लाल वाइन आता उत्तम बनतात आणि ‘दोरू’ याच नावाने विकल्या जातात. मिळाली तर नक्की घ्या.

समुद्रप्रवासाने घडवलेली वाइन हवी असेल, तर ती मदेरा. अटलांटिकमधले मदेरा बेट हिंदुस्थानच्या वाटेवर. तिथली पिंपे जहाजाच्या पोटात उष्ण कटिबंध ओलांडून इकडे यायची. न विकलेली परत जायची, तेव्हा ती बिघडण्याऐवजी सुधारलेली निघाली. फेरी मारून आलेल्या त्या वाइनला वेगळे नाव आणि जास्त भाव मिळे. कंपनी सरकारच्या मुंबईतल्या साहेबांच्या टेबलावर मदेरा भरपूर असायची. पोर्टची आणि मदेराची गोष्ट लोक एकमेकांत मिसळतात, तुमच्या मित्राचे बहुधा तेच झाले आहे.

आता गोवा. पोर्तुगीज १५१० मध्ये आले म्हणून पोर्टही तेव्हापासून आली, असे मानू नका. वास्को द गामाची जहाजे १४९८ मध्ये कालिकतला लागली तेव्हा पोर्ट नावाची वाइन अस्तित्वात नव्हती, आणि हिंदुस्थानची जहाजे निघत ती लिस्बनहून. पुढे मात्र पोर्तुगालची वाइन गोव्यात रुळली, आणि १९६१ नंतर तो पुरवठा आटल्यावर स्थानिक गोड लाल वाइनने ते नाव घेतले. गोव्यात वाइनच्या द्राक्षांची शेती नाही. द्राक्षे महाराष्ट्र-कर्नाटकातून येतात, आणि बऱ्याचदा ती बंगळूर ब्लू जातीची असतात. या जातीला तो ओळखीचा, जांभळ्या सरबतासारखा वास असतो. ती वाइन वाईट आहे असे मी म्हणणार नाही. थंड करून, झणझणीत शाकुतीसोबत तिची गोडी जिभेला आराम देते, आणि किंमत परवडते. पण ती पोर्ट नव्हे. द्राक्ष वेगळे, खोरे वेगळे, आणि अर्ध्यावर फर्मेंटेशन तोडून ७७ टक्क्यांचे स्पिरिट घालण्याची ती रीत नाही. भारताच्या भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत ‘पोर्तो’ आणि ‘दोरू’ ही दोन्ही नावे पोर्तुगालच्या नावे नोंदलेली आहेत. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला मानांकन मिळाल्यावर ज्यांना अभिमान वाटला, त्यांनी दुसऱ्याच्या नावाचाही तेवढाच मान ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने युरोपशी करार करून हे नाव सोडले आहे.

खरी पोर्ट घ्यायची तर पहिल्यांदा रूबी (तरुण, गडद लाल पोर्ट) किंवा एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज) घ्या. एलबीव्ही एकाच सालाची, चार ते सहा वर्षे पिंपात ठेवून बाटलीत भरलेली असते. गडद, फळांची चव भरपूर. टॉनी ही लहान पिंपांत वर्षानुवर्षे हवेच्या संगतीत पिकलेली, रंग विटकरी, चव अक्रोड-अंजीर-कॅरमलची. बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. माझ्या मते पैशाला सर्वांत जास्त न्याय देणारी बाटली वीस वर्षांची टॉनी. ती १२-१४ अंशांवर थंड करून बेबिंकासोबत प्या. पोर्ट आणि गोव्याचे खरे नाते तिथे जुळते. व्हिंटेज ही फक्त चांगल्या सालांची, दोन-तीन वर्षांत बाटलीत भरून पुढे बाटलीतच दशकानुदशके वाढणारी. मुंबई-पुण्याच्या हवेत घरी ठेवायची सोय नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

बाटली उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवा. व्हिंटेज दोन-तीन दिवसांत संपवा, रूबी आणि एलबीव्ही दोन आठवडे चांगल्या राहतात, टॉनी महिनाभर. पेला लहान घ्या, साठ-सत्तर मिलिलिटरचा. वीस टक्के अल्कोहोल आहे आणि गोडीमुळे ते जाणवत नाही. आणि घेताना बाटलीच्या मानेकडे पाहा: तिथे दोरू-पोर्तो वाइन संस्थेची क्रमांक छापलेली हमीची कागदी पट्टी असते. ती नसेल तर दुकानदाराला विचारा.